बोरदऱ्याच्या पाहुण्या

जगात कायमची शांतता कशी नांदेल, हे मी नोकरी संपेपर्यंत शिकवलं. ज्या कॉलेजात शिकवलं तिथल्या स्टाफरूमला दोन कुलपं होती. प्राध्यापकांच्या दोन संघटना, दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद, आणि स्टाफरूमवर हक्क दोघींचा. त्यामुळे मधल्या सुट्टीत चहा प्यायचा तर दोन्ही गटांचा एकेक माणूस किल्ली घेऊन हजर लागायचा. मी तिथून चहा पिऊन निघायचे आणि वर्गात जाऊन फळ्यावर लिहायचे, 'राज्यांचा शांततामय संघ'. लिहिताना मला कधी हसू आलं नाही. सवयीने माणसाचं हसू जातं.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून 'नोकरीतला एखादा थरारक अनुभव' मागितला. राज्यशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे कसला थरार असणार? पोलिसांकडे असतो, डॉक्टरांकडे असतो. आमच्याकडे फार तर एखादा पोरगा हजेरीला 'यस मॅडम' म्हणून मागच्या खिडकीतून उडी टाकतो. पण एकदा मी पुस्तकातली शांतता गावात नेऊन करून बघितली होती. ती गोष्ट सांगते.

त्याआधी घराणं सांगायला हवं, कारण मूळ चूक तिथे आहे. आम्ही चौसाळ्याचे लिंगायत, हायवेला लागून वडिलांचं किराणा दुकान. अण्णांनी गल्ल्यावर बसून दोन नियम पाळले. गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही आणि गिऱ्हाइकाच्या भांडणात पडायचं नाही. पहिला नियम मी बऱ्यापैकी पाळला.

आता धंदा समजावून सांगते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पाश्चात्त्य राजकीय विचार नावाचा पेपर असतो. त्यात एक जर्मन तत्त्ववेत्ते येतात. गृहस्थ अविवाहित, आपलं गाव सोडून फारसे कुठे गेले नाहीत, आणि सगळ्या देशांनी भांडण कसं थांबवावं हे त्यांनी घरी बसून लिहिलं. घरात भांडायला कुणी नसलेलाच माणूस हे लिहू शकतो, असं आमच्या स्टाफरूममधल्या दोन्ही संघटनांचं मत होतं. एकमत झालेली ती एकच बाब.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. तह करताना पोटात पुढच्या लढाईची तयारी ठेवू नये. कायमच्या फौजा हळूहळू मोडाव्यात, कारण फौज बाळगली की ती वापरावीशी वाटते. लढायचं की नाही हे राजाने नव्हे, ज्यांचे मुडदे पडणार त्यांनी ठरवावं. सगळ्या राज्यांनी मिळून एक संघ करावा, पण सगळ्यांच्या डोक्यावर एक धनी बसवू नये. आणि शेवटचं, माझं सगळ्यात लाडकं: परक्या मुलखात आलेल्या पाहुण्याला शत्रू मानू नये.

हे मी दरवर्षी जीव तोडून शिकवायचे आणि दरवर्षी मागच्या बाकावरून तेच प्रश्न यायचे. पोलीस भरतीसाठी पहाटे पळून वर्गात पेंगणारा एक जण एकदा खडबडून जागा झाला. "मॅडम, फौजा मोडल्या तर भरती कुठं व्हायची?" दुसऱ्याने विचारलं, "संघाचा अध्यक्ष कोण व्हणार?" अध्यक्ष असा कुणी नसतो, सगळे बरोबरीचे असतात, असं मी सांगितल्यावर तो शेजाऱ्याला म्हणाला, "मग चालत न्हाई बे ते." एक धनी का नको, हे समजावताना मी म्हटलं, सगळी सत्ता एका हातात गेली की जुलूम होतो. त्यावर सगळा वर्ग माझ्याकडे दयेने बघत राहिला. एवढ्या शिकलेल्या बाईला आपला तालुका कसा माहीत नाही, असा तो भाव होता.

या वर्गात पहिल्या बाकावर ऋतुजा बसायची. गाव खडकी, वडील ज्ञानोबा शेतकरी. ही मुलगी प्रश्न फार कमी विचारायची, पण विचारला की तो तास वाया गेला असं समजायचं, कारण मला उत्तर शोधायला घरी जावं लागायचं. एकदा तिने विचारलं, "मॅडम, पाव्हण्याला शत्रू मानू न्हाई हे त्यांनी शेवटाला का घेतलं? पैल्यांदा का न्हाई?" मी म्हटलं, परीक्षेत क्रम बदललेला चालेल.

खडकी डोंगराच्या कडेला आहे. तिथून खाली यायला एकच रस्ता, आणि तो बोरदऱ्याच्या मधोमध जातो. बोरदरा ओलांडला की पलीकडच्या शिवेवर एसटीचा थांबा, आणि त्याखाली सावळवाडी. या तीन गावांचा मिळून एक नारळी सप्ताह होता. सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड भजन-कीर्तन आणि शेवटी काला. नारळी का, तर काल्याच्या दिवशी यजमान गावाने पुढच्या गावाच्या पदरात नारळ घालायचा. ज्याच्याकडे नारळ गेला त्याच्याकडे पुढच्या वर्षीचा सप्ताह. तो नारळ फोडायचा नसतो. वर्षभर देवळात ठेवतात, कुंकू वाहतात, पोराबाळांना हात लावू देत नाहीत.

त्यात जुन्या लोकांनी आणखी एक शहाणपण करून ठेवलं होतं. जेवणाच्या मोठ्या काहिली बोरदऱ्यात, पराती आणि झारे सावळवाडीत, मांडव खडकीत. सप्ताह कुठेही असो, तिघं आल्याशिवाय आमटी शिजत नव्हती. मी वर्षानुवर्षं पुस्तकातून जो संघ शिकवत होते तो इथे काहिलीच्या आधाराने उभा होता, आणि प्रेमाचा त्यात फारसा संबंध नव्हता. तिन्ही गावं एकमेकांना मनापासून नावं ठेवायची आणि एकमेकांच्या परातीत जेवायची.

मग ते वर्ष आलं. सप्ताह बोरदऱ्यात होता आणि नारळ खडकीला जायचा होता. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तेव्हा येणार-येणार म्हणून चालल्या होत्या. बोरदऱ्याचे पुढारी बप्पा यांना तिकीट हवं होतं. बप्पांनी काल्याला एका बड्या साहेबांना बोलावलं आणि नारळ द्यायचा मान त्यांना दिला. साहेब कीर्तनाच्या मध्यात आठ-दहा गाड्या घेऊन उतरले. खडकीच्या वतीने ज्ञानोबा उपरणं पसरून पुढे उभे राहिले. बप्पांनी साहेबांच्या हातात नारळ दिला.

साहेबांची सगळी हयात भूमिपूजनात गेलेली. हातात नारळ आला की काय करायचं, हे त्यांना विचार न करता येत होतं. समोर दगड दिसला, त्यांनी नारळ वर उचलला आणि फोडला.

पाणी ज्ञानोबांच्या उपरण्यावर उडालं. हलगीवाल्याला वाटलं, हीच खूण, त्याने वाजवायला सुरुवात केली. मागच्या लोकांनी टाळ्या दिल्या. साहेबांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, "कामाला सुरुवात झाली असं समजा," म्हणाले आणि गाडीत बसून गेले. कोणत्या कामाला, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढे जे झालं त्यावरून वाटतं, सुरुवात खरंच झाली होती.

आता पुढचा सप्ताह कुणाचा? खडकी म्हणाली, नारळ आमच्या नावाचा होता, फुटला तरी आमचाच. बोरदरा म्हणाला, नारळ आमच्या मातीत फुटला, म्हणजे देवाची इच्छा इथेच राहायची आहे. सावळवाडीचे पुढारी एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, नारळ फुटला म्हणजे जुनी पाळी संपली, नवी सावळवाडीपासून सुरू होते. तिघांचाही युक्तिवाद बिनतोड होता. साहेबांची चूक झाली, एवढं मात्र तिन्ही गावांत कुणी उघड म्हटलं नाही. सगळ्यांनाच पुढे कधीतरी साहेबांकडे काम होतं.

तोंडाची बाचाबाची हातावर गेली, दोन-चार डोकी फुटली. मग बोरदऱ्याच्या पोरांनी गावाच्या वरच्या तोंडाला, रस्त्यावर उसाची रिकामी ट्रॉली आडवी लावली. खडकीचा माणूस बोरदऱ्यातून जाणार नाही, असं ठरलं. पोलीस येऊन गेले. त्यांना सांगितलं, ट्रॉली नादुरुस्त आहे, मालक टायर आणायला गेलाय. मालक अजून आलेला नाही.

खडकीचे पुरुष मोटारसायकली शेतातून काढून हिंडू लागले. अडकल्या त्या कॉलेजच्या मुली. त्या गफूरभाईंच्या काळ्यापिवळ्या जीपने यायच्या, आणि जीप शेतातून जात नाही. नांदूरघाटाकडून फिरून यायचं तर अर्धा दिवस रस्त्यातच. परीक्षा तोंडावर आलेली. एक दिवस ऋतुजाचा फोन आला.

"मॅडम, काल पाव्हणे येऊन गेले मला बघायला."

"तुझी परीक्षा आहे ना?"

"पप्पा म्हणतेत, पेपर हुकले तर हुकले, असं ठिकाण पुन्हा येत न्हाई. पाव्हणेबी म्हणले, पोरगी शिकतच नसंल तर कावून थांबायचं?" आणि मग तिने विचारलं, "मॅडम, मी शिकत नसल्याचं कुणी ठरवलं?"

मला अण्णांचा दुसरा नियम आठवला आणि मी तो मोडला. राग आला होता. एका मुलीचं शिक्षण एका साहेबाच्या सवयीपायी आणि एका ट्रॉलीच्या टायरपायी थांबावं, हे मला सहन होईना. शिवाय, खरं सांगायचं तर, जन्मभर शिकवलेलं करून बघायची खाजही होती.

तटस्थ भूमी म्हणून मी चौसाळ्याचं आमचं गोदाम निवडलं. भाऊ दुकान बघतो, तो म्हणाला, "ताई, अण्णा असते तर त्यांनी तुला गोदामात कोंडलं असतं." तरी त्याने शेंगदाण्याची पोती हलवून जागा केली. खडकीतर्फे ज्ञानोबा, बोरदऱ्यातर्फे बप्पा, सावळवाडीतर्फे गुरुजी, असे तिन्ही प्रतिनिधी आले. पहिला तास खुर्च्यांत गेला. समोर कुणी बसायचं, कडेला कुणी, हे ठरेना. शेवटी मी पोती गोलात मांडली आणि सगळे शेंगदाण्यावर बसले.

मी कराराचा मसुदा करून नेला होता. तत्त्ववेत्त्यांची कलमं, फक्त राज्यांच्या जागी गावं. मी पहिलं वाचलं: "कोणत्याही गावाने मनात पुढच्या भांडणाची तयारी ठेवून करार करू नये."

"लई चांगलं हाय," बप्पा म्हणाले. "हे सावळवाडीला सांगा."

दुसरं वाचलं: "काठ्या घेऊन पारावर बसणारी पोरं तिन्ही गावांनी हळूहळू कमी करावीत."

"हळूहळू म्हंजी आधी कुणी?" ज्ञानोबांनी विचारलं. यावरच्या वादात भावाने ठेवलेला चिवडा संपला.

कलम कोणतंही असो, ते बाकीच्या दोन गावांना लागू असावं याला तिघांचीही मनापासून मान्यता होती. गावांची नावं मी बाराखडीच्या क्रमाने लिहिली होती, म्हणून खडकी पहिली आली. बप्पांनी बोट ठेवलं. "हे कावून वर?" मी म्हटलं, बाराखडी तशीच आहे. बप्पा म्हणाले, "आसंल. पण ती कुणी ठरवली त्याला आमी बोलावलं नव्हतं." मग नावं गोलात लिहिली. मग अध्यक्ष कोण हा विषय निघाला, आणि मला मागच्या बाकावरचा तो पोरगा आठवला. अध्यक्ष नसेल, असं मी सांगितलं. गुरुजींनी अध्यक्षाऐवजी 'मार्गदर्शक' सुचवला आणि आपण तयार असल्याचंही सांगितलं.

पाहुण्याचं कलम मी शेवटी ठेवलं होतं, कारण तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. "दुसऱ्या गावातून आपल्या गावात आलेल्या पाहुण्याला कोणी शत्रू मानणार नाही, त्याची वाट अडवणार नाही." तिघांनी एकदम मान डोलावली. पाहुण्याला कोण अडवतं, मॅडम? एवढी का आपली संस्कृती गेली? मला भरून आलं. त्याखाली मी एक साधं कलम जोडलं होतं की करारानंतरच्या स्थितीत कोणताही बदल तिन्ही गावांच्या संमतीशिवाय होणार नाही. सह्या झाल्या, फोटो झाला. मोबाइलवर तो फोटो माझ्या आधी घरी पोचला. बातमीत बप्पांचा चेहरा मोठा आणि माझा कोपर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली जागच्या जागी. मी बप्पांना फोन लावला.

"मॅडम, करारात रस्ता कुठंय? बघा तुमी."

"पाहुण्यांची वाट अडवायची नाही, असं आहे."

"हाय की. आमी कुठं पाव्हण्याला अडवितो? पण ह्या पोरी पाव्हण्या कशा? त्या तर रोजच्याच." आवाजात जराही लबाडी नव्हती, तेच जास्त वाईट. "आन् ट्रॉली हलवायची तर आता तिन्ही गावांची संमती लागती. तुमीच लिवलंय."

मी फोन ठेवला. जगात आजवर जेवढे करार मोडले ते बहुधा लबाड माणसांनी मोडले नसावेत, बप्पांसारख्या बारकाईने वाचणाऱ्यांनीच मोडले असावेत. त्या दिवशी मला त्या जर्मन तत्त्ववेत्त्यांचा पहिल्यांदा राग आला. त्यांना बोरदऱ्यात चार दिवस आणून ठेवायला हवं होतं. पुस्तक पातळ झालं असतं.

संध्याकाळी ऋतुजाला सगळं सांगितलं. बप्पांचं वाक्यही सांगितलं. तिने ते वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मॅडम, पाव्हणी व्हायला काय लागतं?"

"म्हणजे?"

"काही न्हाई. आसंच इचारलं."

पुढचं मला गफूरभाईंनी सांगितलं. माणूस जन्मभर या रस्त्यावर जीप चालवतोय, सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. "मॅडम, दुसऱ्या दिवशी मी पोरींना ट्रॉलीपर्यंत नेलं. म्हणलं, आता इथून माघारी. तर ही ऋतुजा खाली उतरली, तिच्यामागं समद्या. ट्रॉलीवर बसलेली पोरं म्हणली, कुठं निघाल्या? ही म्हणली, बप्पाच्या घरी. पाव्हण्या हावोत आमी. पोरं एकमेकाच्या तोंडाकडं बघाया लागली. बप्पाच्या पाव्हण्याला अडवायचं म्हणजे बप्पाला इचारावं लागतंय."

मुली सरळ बप्पांच्या वाड्यावर गेल्या आणि ओसरीवर बसल्या. बप्पा तोंडाला साबण लावून दाढी करत होते. आतून त्यांच्या पत्नी आल्या, कौसल्याकाकू. आमच्या भागात दारात आलेल्या लेकीबाळींना पाणी, चहा आणि कुंकू दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत, मग ती लेक वैऱ्याची का असेना. काकूंनी चहा टाकला. बप्पा साबण लावलेल्या तोंडाने काहीतरी म्हणाले. काकू म्हणाल्या, "दारात आलेल्या लेकींला तसंच लावून देऊ? मग तुमच्या करारात काय लिवलंय?" बप्पा अर्धी दाढी तशीच ठेवून आत गेले.

चहा झाला. आता पाहुण्याला शिवेपर्यंत घालवायला जायचं, हीसुद्धा रीत. काकूंचे गुडघे दुखतात, त्यांनी सुनेला सांगितलं. सून स्वाती पदर सावरून मुलींना घेऊन निघाली, भर गावातून, पारावरच्या काठ्यांसमोरून, थेट एसटीच्या थांब्यापर्यंत. पुढाऱ्याच्या सुनेला कोण अडवणार? परत येतानाही तसंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज. ट्रॉली तिथेच होती, बहिष्कार चालू होता, पोरं काठ्या घेऊन राखण करत होती, आणि त्यांच्या बाजूने मुली चहाला जात होत्या.

आठवड्याभराने बप्पा कॉलेजात आले. "मॅडम, ह्याला काय अर्थ हाय? पाव्हणे कधी रोज येतेत का?"

"तुम्ही घरात घेतलं, कुंकू लावलं. आता त्या पाहुण्या नाहीत, असं तुम्हीच जाऊन काकूंना सांगा."

"कुंकू मी न्हाई लावलं."

"मग तुमच्या घरात दोन राज्यं आहेत का?"

बप्पांनी माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "हायेत," आणि उठून गेले.

ऋतुजाने सगळे पेपर दिले. शांततामय राज्यसंघावर टीप आली होती. मी विचारलं, काय लिहिलंस? ती म्हणाली, "मॅडम, मी लिवलं की करार पुरुष करतेत आन् चहा बायका करतेत, म्हणून चहा टिकतो." पुस्तकात असं कुठेच नाही, म्हणजे मार्क गेलेच. तरी ती पास झाली. तिला बघून गेलेल्यांनी दुसरीकडे ठरवलं. ज्ञानोबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी बीडच्या होस्टेलची चौकशी केली. आता ती तिथे एम.ए. करते.

पण खरी गोष्ट तिची नाहीच, हे मला उशिरा कळलं. परीक्षेच्या आधीच एके दिवशी तास चालू असताना दारात एक डोक्यावर पदर घेतलेली पोरगी उभी दिसली. "मॅडम, मी पोरींला घालवायला आलते." थांब्यापर्यंत यायची ती एसटीत चढली होती, आणि एसटीतून थेट कॉलेजच्या दारात. स्वाती माहेरची तेलगावची, बी.ए.चं पहिलं वर्ष झालं आणि लग्न झालं. पुढे शिकते म्हणाली तर बप्पांनी सांगितलं होतं, पुढाऱ्याच्या घरातली सून एसटीने हिंडत नाही. पण पाहुण्यांना घालवायला जाणं म्हणजे हिंडणं नव्हे. ती रीत आहे.

मी म्हटलं, "मग संध्याकाळी त्यांना परत न्यायला थांबावं लागेल. बस." ती मागच्या बाकावर बसली. जूनमध्ये तिने दुसऱ्या वर्षाला नाव घातलं. बप्पांना माहीत आहे का? त्यांच्या ओसरीवर पुस्तकं असतात. बप्पा त्यांच्यावर चष्मा ठेवतात आणि काही विचारत नाहीत. घरातल्या दुसऱ्या राज्याशी त्यांनी बिनकागदाचा तह केला असावा.

त्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोप समारंभ दोन झाले, संघटना दोन म्हणून. सप्ताहाचं म्हणाल, तर आता एकाचे तीन झालेत. बोरदऱ्याने परात आणि मांडव घेतला, खडकीने काहिली आणि पराती घेतल्या, सावळवाडीने सगळंच घेतलं. आता कुणाचं कुणावाचून अडत नाही. एकाच आठवड्यात तीन सप्ताह, तिन्हींचे भोंगे एकमेकांकडे तोंड करून. फौज बाळगली की वापरावीशी वाटते, हे तत्त्ववेत्त्यांनी सांगितलं होतं. स्वतःची काहील घेतली की शेजारी नकोसा होतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तिन्ही गावांनी मला एकोप्यावर बोलायला बोलावलं. मी तिन्हीकडे गेले आणि तिन्हीकडे जेवले. आमटी कुठेच पहिल्यासारखी नव्हती.

आणि गेल्या महिन्यात बप्पांचा फोन. "मॅडम, आता तुमी रिकाम्याच असाल. एक बैठक घ्या चौसाळ्याला. ती ट्रॉली काढून टाकू. माझाच ऊस फिरून न्यावा लागतोय. तिन्ही गावं तयार हायेत."

माझा विश्वास बसेना. ज्यासाठी मी गोदामातली पोती हलवली ते आता आपणहून होत होतं. दुसऱ्याच दिवशी मी बोरदऱ्याला गेले, तारीख ठरवायला. बप्पा शेतावर होते. ओसरीवर काकू या वर्षीच्या मुलींना चहा देत होत्या, आणि स्वाती पिशवी खांद्याला लावून उभी होती. मुली आणि ती निघून गेल्यावर काकू माझ्याशेजारी बसल्या.

"बाई, ट्रॉली निघणार म्हणतेत."

"हो. तुमच्या डोक्याचा ताप जाईल. रोजचा चहा सुटेल."

काकूंनी कपबशा गोळा केल्या, पण उठल्या नाहीत. "ट्रॉली निघाली की पोरी जीपमंदी बसून भुर्रकन जातील. इथं कशाला उतरतेत? मग आमच्या स्वातीनं कुणाला घालवायला जायचं?" त्यांनी आवाज खाली आणला. "तिचं अजून एक साल राहिलंय, बाई. भांडण एवढ्यात मिटवू नका."

परतताना मी चौसाळ्याच्या दुकानात थांबले आणि फोन काढला. मग बप्पांना लावला आणि सांगितलं की सध्या हरभऱ्याचा माल आलाय, गोदामात पाय ठेवायला जागा नाही, बैठक पुढल्या साली घेऊ.

गोदाम रिकामं होतं. भाऊ शेजारीच बसला होता, त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वजन करायला घेतलं.